वायर कुठे तुटली? पोकलेन, समुद्री तार आणि परळचा खड्डा

आजच्या भागाचं लिखित रूप इथे देतोय. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून बऱ्याच जणांनी मागितलं होतं. बोलण्यातलं बरंचसं तसंच ठेवलंय, तेव्हा भाषा थोडी गप्पांची वाटेल.

आजचा विषय आहे पोकलेन. लालबागला, परळला, गिरगावात कुठेही चाळ पाडून टॉवर उभा राहत असेल तर पत्र्याच्या कुंपणामागे तो पिवळा किंवा केशरी हात वर-खाली होताना दिसतो. समजा, तोच हात एक दिवस अर्ध्यावर थांबला. इंजिन चालू आहे, पण जोर नाही. डॅशबोर्डवर एक दिवा पेटलाय आणि छोट्या स्क्रीनवर एक आकडा आलाय. आता करायचं काय? हा आकडा नेमकं काय सांगतोय?

मी दिवसभर सॉफ्टवेअरमधले एरर मेसेज वाचतो, त्यामुळे या प्रश्नात मला रस आहे. पण त्याचं उत्तर शोधताना मी थेट १८७० सालच्या मुंबईत पोचलो. वाटेत एल अँड टी भेटली, बॅकबे भेटलं, गिरण्या भेटल्या. चला, क्रमाने जाऊ.

आधी नावाची गोष्ट

पोकलेन हा शब्द आपल्याला इतका आपला वाटतो की तो मराठीच असावा असं वाटतं. खरं तर ते एका फ्रेंच कंपनीचं नाव, पोक्लेन. एल अँड टीने या कंपनीच्या तंत्रावर भारतात हायड्रॉलिक एक्स्कॅव्हेटर बनवले, आणि साइटवरच्या लोकांनी नाव उचललं. झेरॉक्सचं झालं तेच. आज यंत्र जपानी असो, कोरियन असो, महाराष्ट्रात ते पोकलेनच.

पण एल अँड टी आणि माती खोदणारी यंत्रं यांचं नातं त्याहून जुनं आहे, आणि ते सुरू झालं सेकंडहँड मालापासून. होल्क-लार्सन आणि टुब्रो हे दोन डॅनिश इंजिनिअर. त्यांनी १९३८ मध्ये मुंबईत भागीदारी सुरू केली. ऑफिस इतकं लहान की एका वेळी दोघांपैकी एकालाच ते वापरता यायचं, असं कंपनीच्या इतिहासात सांगतात. दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा अमेरिकन सैन्याने वापरलेली कॅटरपिलरची यंत्रं स्वस्तात उपलब्ध होऊ लागली. १९४५ मध्ये या दोघांनी कॅटरपिलरशी करार केला. पण एवढा माल उचलायला लागणारं भांडवल भागीदारीच्या आवाक्याबाहेरचं होतं. ते उभं करायचं म्हणून ७ फेब्रुवारी १९४६ रोजी लार्सन अँड टुब्रो प्रायव्हेट लिमिटेड ही कंपनी नोंदवली गेली. म्हणजे आज जी कंपनी मेट्रो आणि पूल बांधते, ती प्रायव्हेट लिमिटेड झाली तीच मुळी युद्धातला वापरलेला माल घेण्यासाठी!

त्यात आणखी एक गंमत. एल अँड टी हाउस आज बॅलार्ड इस्टेटमध्ये आहे. ही बॅलार्ड इस्टेट उभी आहे भराव टाकलेल्या जमिनीवर. अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आताचा इंदिरा डॉक, खोदताना निघालेली माती तिथे वापरली होती. माती हलवणाऱ्यांचं घर हलवलेल्या मातीवर.

कानाने दुरुस्ती

१९४६ सालच्या त्या जुन्या बुलडोझरमध्ये बिघाड झाला तर मेकॅनिक काय बघायचा? सगळं काही बघता, ऐकता, हुंगता यायचं. डिझेलचा पंप यांत्रिक, गव्हर्नर यांत्रिक. धूर काळा की पांढरा, आवाज कुठून येतोय, पाइप हाताला गरम लागतो का. ऑइलच्या प्रेशरसाठी एक काटा. बस्स. डिझेल येतंय आणि हवा येतेय, तर इंजिन चालणारच. मधे कुणी कॉम्प्युटर बसून "तुला परवानगी नाही" असं म्हणत नव्हता.

ही कानाची विद्या आपल्या भागात भरपूर होती. परळचं रेल्वे वर्कशॉप १८७९ पासूनचं. रेल्वेत चाकावर हातोडी मारून आवाजावरून तडा ओळखणारी माणसं असायची. चांगलं चाक घंटेसारखं वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. गिरणीतही तेच. शेकडो मागांच्या खडखडाटात आपल्या मागाचा आवाज बदलला की जाणत्या कामगाराला कळायचं. ती गिरणगावची अभियांत्रिकी होती, फक्त तिची डिग्री कुणी दिली नाही.

मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि पुढची गोष्ट तुमच्या-माझ्या घरातल्या मोठ्यांनी जगलेली आहे. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींचा मार्ग मोकळा केला, २००१ च्या बदलाने तो आणखी रुंद झाला. जिथे माग होते तिथे खड्डे पडले. त्या खड्ड्यांत उतरलेली यंत्रं मात्र हळूहळू कानाला कमी आणि मीटरला जास्त ऐकणारी व्हायला लागली होती.

समुद्राच्या तळाशी तुटलेली तार

आता मागे जाऊ, १८७० मध्ये. त्या काळातलं जगातलं सगळ्यात मोठं जहाज, ग्रेट ईस्टर्न, मुंबईत आलं आणि त्याने मुंबई ते एडन समुद्राखालून तार टाकली. त्याच वर्षी मुंबई समुद्री तारेने लंडनशी जोडली गेली. कापसाचा भाव कळायला जहाजाची वाट बघायची गरज संपली.

पण विचार करा, तार समुद्राच्या तळाशी आहे आणि एक दिवस संदेश येणं बंद झालं. तुम्ही तिथे जाऊन बघू शकत नाही. कानही उपयोगाचा नाही, नाकही नाही. हातात आहे फक्त तारेचं एक टोक. मग?

मग मोजायचं. तांब्याच्या तारेचा दर मैलाला ठरावीक रोध असतो, म्हणजे रेझिस्टन्स. समजा तो मैलाला ५ ओहम आहे. मुंबईच्या टोकाकडून मोजलं आणि ५०० ओहम आलं, तर तारेचं आवरण फाटून ती पाण्याला टेकली आहे साधारण १०० मैलांवर. जिथे फाटलंय त्या जागेचाही स्वतःचा रोध असतो, म्हणून दोन्ही टोकांकडून मोजून ताळा करायचा. मग जहाज नेमकं तिथे न्यायचं, तार उचलायची, जोडायची. हे मोजायला व्हीटस्टनच्या नावाने ओळखला जाणारा ब्रिज वापरायचे, तोच जो आपण बारावीला पाठ केला आणि कशासाठी ते कुणी सांगितलं नाही.

आणि आता या गोष्टीतला मला सगळ्यात आवडलेला भाग. १८६० च्या सुमारास विल्यम सीमेन्स या इंजिनिअरपुढे प्रश्न होता: जहाजात गुंडाळून ठेवलेली मैलोन्मैल केबल आतून तापतेय का? तापली तर आवरण खराब होणार. पण गुंडाळ्याच्या पोटात थर्मामीटर घालून बघणार कसं? त्याच्या लक्षात आलं की तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो. म्हणजे रोध मोजला की तापमान कळतं. पुढे १८७१ मध्ये त्याने प्लॅटिनमच्या तारेचा थर्मामीटर मांडला.

कळलं का? तारेतला दोष शोधण्याची पद्धत आणि सेन्सर, दोन्ही एकाच घरात वाढले. आज पोकलेनच्या इंजिनात कूलंटचं तापमान सांगणारा जो सेन्सर आहे, तो याच कल्पनेचा नातू. फरक एवढाच की त्यात तांब्याऐवजी असा पदार्थ असतो ज्याचा रोध तापल्यावर कमी होतो. हा उलटा गुण फॅरेडेने १८३३ मध्येच सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिला होता.

इंजिनात वायर का शिरली

कारण धूर. १९९६ पासून अमेरिकेने बांधकामाच्या डिझेल इंजिनांना धुराचे नियम लावायला सुरुवात केली, युरोप-जपाननेही लावले. नियम पाळायचे तर डिझेल नेमक्या क्षणी, नेमकं तेवढंच उडवायला हवं. १९९५ मध्ये जपानमध्ये डेन्सोची कॉमन रेल पद्धत ट्रकवर आली आणि यांत्रिक पंपाचा जमाना ओसरू लागला. भारतात टायरवर चालणाऱ्या बांधकाम वाहनांना १ एप्रिल २०२१ पासून चौथ्या टप्प्याचे आणि १ जानेवारी २०२५ पासून पाचव्या टप्प्याचे नियम लागले. चेनवरचा पोकलेन त्या नियमात थेट बसत नाही, पण इलेक्ट्रॉनिक इंजिनं त्याच्यातही त्याआधीच येऊ लागली होती.

त्यामुळे आज सेकंडहँड बाजारात दोन पिढ्या शेजारी उभ्या असतात. एक कानाने दुरुस्त होणारी, दुसरी मीटरने. घेणारा माणूस पुष्कळदा एकच यंत्र असलेला. हप्ते चालू, साइटवर तासाच्या भाड्याने काम. यंत्र थांबलं की मीटर उलटा फिरतो.

पाच व्होल्टची गोष्ट

आता त्या स्क्रीनवरच्या आकड्याकडे येऊ. पुष्कळ इंजिनांत हा कोड दोन भागांत असतो. पहिला भाग सांगतो विषय काय आहे: ११० म्हणजे कूलंटचं तापमान, १०० म्हणजे ऑइलचं प्रेशर, १९० म्हणजे इंजिनचा वेग. दुसरा भाग सांगतो तक्रार काय आहे: ३ म्हणजे व्होल्टेज फार वर, ४ म्हणजे फार खाली.

नीट वाचा. "सेन्सर खराब आहे" असं कुठेच लिहिलेलं नाही. तक्रार व्होल्टेजची आहे, म्हणजे अख्ख्या सर्किटची. आणि इथेच पैसे जातात. कोडमध्ये कूलंट सेन्सर दिसला की सेन्सर बदलला जातो. कोड परत येतो. मग दुसरा सेन्सर. मग "कॉम्प्युटर गेला" असं कुणीतरी म्हणतं, आणि तो खर्च ऐकून माणूस खाली बसतो.

सर्किट किती साधं आहे बघा. कॉम्प्युटर आतल्या एका रोधातून ५ व्होल्ट पाठवतो. ती वायर सेन्सरमध्ये जाते, सेन्सरमधून दुसरी वायर परत येते. कॉम्प्युटर मधलं व्होल्टेज वाचतो. इंजिन थंड, सेन्सरचा रोध जास्त, व्होल्टेज वर. इंजिन गरम, रोध कमी, व्होल्टेज खाली. बऱ्याच सेन्सरमध्ये २५ अंशाला दोन-तीन हजार ओहम आणि ८०-९० अंशाला दोनशे-तीनशे ओहम असा हिशेब असतो. नेमका आकडा त्या यंत्राच्या मॅन्युअलमध्ये मिळतो.

आता वायर तुटली तर? सेन्सरपर्यंत करंटच जात नाही, कॉम्प्युटरला पूर्ण ५ व्होल्ट दिसतात, आणि त्याचा अर्थ त्याच्या तक्त्यात "उणे ४० अंश" असा होतो. मे महिन्यात परळमध्ये उणे ४०! हा आकडा दिसला की ते तापमान नसतं, तुटलेल्या वायरची सही असते. उलट, वायर घासून बॉडीला टेकली तर व्होल्टेज शून्य, आणि इंजिन भयंकर तापलंय असं दिसतं.

मग शोधायचं कसं? तारवाल्यांनी केलं तसंच: सर्किटचे दोन तुकडे करा आणि दोष कोणत्या तुकड्यात आहे ते विचारा. व्होल्टेज खाली असल्याचा कोड असेल तर सेन्सरचा कनेक्टर काढा. कोड उलटून "फार वर" झाला, तर वायर आणि कॉम्प्युटर ठीक आहेत, सेन्सर आतून शॉर्ट आहे. कोड तसाच राहिला, तर वायर कुठेतरी टेकली आहे, सेन्सरला हात लावू नका. व्होल्टेज वर असल्याचा कोड असेल तर कनेक्टर काढून वायरिंगच्या बाजूच्या दोन टोकांना एका तारेने जोडा. कोड उलटला तर सेन्सर दोषी. नाही उलटला तर वायर तुटली आहे किंवा कनेक्टरची पिन मागे सरकली आहे. पाच मिनिटांचं काम, एकही पार्ट न बदलता.

एक इशारा. ही जोडण्याची युक्ती फक्त दोन वायरच्या तापमान सेन्सरसाठी. प्रेशर सेन्सरला तीन वायर असतात: ५ व्होल्टचा पुरवठा, परतीची वायर आणि सिग्नल. तिथे अंदाजाने टोकं जोडायची नाहीत. पण तिथे एक वेगळी खूण मिळते. एकाच ५ व्होल्टवर अनेक सेन्सर असतात. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की तो सगळ्यांचा पुरवठा ओढून खाली आणतो आणि एकदम चार-पाच कोड येतात. चार सेन्सर एकाच सकाळी मरत नाहीत. ५ व्होल्टवर मीटर लावा आणि एकेक कनेक्टर काढत जा. ज्याचा काढल्यावर व्होल्टेज परत वर येतं, तो गुन्हेगार.

आणि वायर तुटते कुठे? जिथे ब्रॅकेटला घासते. जिथे हायड्रॉलिक होजच्या धक्क्याने हलते. जिथे पावसात किंवा प्रेशरने धुताना पाणी कनेक्टरमध्ये शिरून हिरवट गंज धरतो. जिथे उंदीर पोचतात, आणि मुंबईत ते पोचतातच. शिवाय जुन्या यंत्रात आधीच्या मालकाने चिकटपट्टीने केलेले सांधे. बकेटचे दात साइटवर वेल्ड करताना बॅटरीची वायर न काढल्यानेही इलेक्ट्रॉनिक्सला मार बसतो. जुना पोकलेन घ्यायला जाल तर रंग नंतर बघा, आधी हार्नेस बघा.

लॉइडसाहेबांचा ड्रेजर

"लक्षण जिथे दिसतं तिथे दोष असेलच असं नाही" हे मुंबईने एकदा फार महाग पडून शिकलंय. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, म्हणजे ज्यांनी बीडीडीच्या २०७ चाळी बांधल्या त्यांनीच, बॅकबे भरून काढायची योजना हाती घेतली. लक्ष्य ११४५ एकर. गव्हर्नरच्या नावाचा "सर जॉर्ज लॉइड" ड्रेजर आला. समुद्रातला गाळ उपसायचा आणि भिंतीआड ओतायचा. पण जमीन काही वर येईना.

सगळ्यांच्या नजरेसमोर होतं यंत्र. ते अपेक्षेपेक्षा कमी काम करत होतं, हे खरंच. पण दोष साखळीत इतरत्रही होते. गाळाचा अंदाज चुकला होता, आणि ओतलेला गाळ भिंतीतून परत समुद्रात गळत होता. खुर्शेद नरिमन यांनी हे प्रकरण लावून धरलं, हार्वे नावाच्या इंजिनिअरने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला, आणि नरिमन निर्दोष सुटले. शेवटी ४४० एकरांच्या आसपासच जमीन झाली. लोक या योजनेला "लॉइडची चूक" म्हणून हिणवत. आणि नरिमन पॉइंटला नाव मिळालं ते, साखळीच्या प्रत्येक कडीवर प्रश्न विचारणाऱ्या माणसाचं.

मग यात पणाला काय आहे?

पैसे तर आहेतच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जुगाड. कोड जात नाही म्हटल्यावर काही ठिकाणी सेन्सर काढून त्या जागी एक साधा रेझिस्टर लावतात. लॅमिंग्टन रोडवर तो चिल्लरमध्ये मिळतो. तीनशे ओहमचा लावला की कॉम्प्युटरला कायम वाटतं की इंजिन ८० अंशांच्या आसपास मजेत आहे. दिवा विझतो, काम सुरू होतं, सगळे खूश. मग एक दिवस रेडिएटर फुटतो, पाणी संपतं, आणि यंत्राला सांगणारं कुणी उरत नाही. दोन-अडीचशेचा दोष लपवायला अख्खं इंजिन डावावर लावलेलं असतं. आणि हे यंत्र मोकळ्या माळावर नाही, लालबागच्या खड्ड्यात आहे. एका बाजूला शंभर वर्षांच्या चाळीची भिंत, वर वाकून बघणारी पोरं. त्या यंत्राने खरं बोलावं ही गरज फक्त मालकाची नाही.

माझ्या धंद्यातही हे रोज दिसतं. एरर येतोय ना, मग एररच दिसणार नाही असं करून टाक! पण एरर मेसेज हा शत्रू नसतो. तो समुद्रापलीकडच्या टोकाने पाठवलेला अर्धवट संदेश असतो. तो गप्प करायचा की मोजून समजून घ्यायचा, एवढाच निर्णय आपल्या हातात असतो.

महागडं स्कॅनर सगळ्यांना परवडत नाही, आणि काही कामांसाठी ते लागतंच. पण वायर तुटली की टेकली, हे कळायला एक साधा मल्टिमीटर, यंत्राचा वायरिंगचा नकाशा आणि थोडा धीर पुरतो. गिरणगावातल्या ज्या पोरांचे आजोबा आवाजावरून माग ओळखायचे, त्यांच्यातली काही आज या साइट्सवर ऑपरेटर आणि हेल्पर आहेत. त्यांच्या हातात नुसता पाना नको, मीटरही असायला हवा. कान आजही लागतोच, फक्त आता त्याच्या जोडीला पाच व्होल्टचा हिशेब आलाय.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पोचली. गिरगाव, काळबादेवी, दादर, सगळं जमिनीखालून. पुढच्या वेळी त्या गाडीत बसाल तेव्हा ही माती कुणी, कोणत्या यंत्राने उपसली, आणि ते यंत्र बंद पडल्यावर त्याची तुटलेली वायर कुणी शोधली, याचा जरा विचार करा.

आजचं एवढंच. तुमच्या ओळखीत कुणी पोकलेन चालवत असेल किंवा दुरुस्त करत असेल तर हा भाग त्यांना पाठवा, आणि त्यांच्याकडचे किस्से आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!